एकही हिटर परत आला नाही

कॉइलकाकांच्या दुकानात दुरुस्त झालेले हिटर एका फळीवर ठेवतात. त्या फळीवर काल पाच हिटर होते आणि आज चार होते. बहिणीकडे एक रात्र राहून परतलेल्या काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी फळीवरचे हिटर मोजले.

"तो परातीचा हिटर कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"ज्याचा त्याच्या घरी," काका म्हणाले. ते एका दोन दांड्यांच्या हिटरची जाळी ब्रशने घासत होते, त्यांनी मानही वर केली नाही. "ग्रंथपालबाई सकाळी येऊन घेऊन गेल्या."

"मी सांगून गेले होते ना, मी आल्याशिवाय एकही द्यायचा नाही म्हणून? मी पुसूनबिसून देते."

"अगं, बाई दारात कुडकुडत उभ्या होत्या. तुझ्या फडक्यासाठी त्यांना अजून एक दिवस गारठवत ठेवू? मीच पुसला. आरशासारखा."

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि "बरं" म्हणाल्या. पण ते बरं नव्हतं, आणि किती बरं नव्हतं हे जगात फक्त त्यांना एकट्यांना ठाऊक होतं.

आता हे दुकान काय आहे ते सांगायला हवं. शहराच्या या जुन्या भागातल्या इमारती दणकट, भिंती हातभर जाड, आणि आतलं वायरिंग मात्र पणजोबांच्या वयाचं. बाजारात मिळणारा नवा दोन हजार वॅटचा हिटर इथे कुणी लावला की सबंध मजला अंधारात जातो, आणि मग जिन्यात जी भाषा ऐकू येते ती लिहिण्यासारखी नसते. म्हणून थंडी पडली की लोक माळ्यावरचे जुने हिटर खाली काढतात. कुणाच्या आजीचा परातीचा, कुणाच्या वडिलांचा लोखंडी पायांचा, कुणाच्या लग्नात आलेला. ते सगळे कॉइलकाकांकडे येतात. काका जुनी कॉइल काढून तिच्या जागी लांब कॉइल बसवतात, म्हणजे हिटर चारशे वॅटवर येतो आणि म्हाताऱ्या वायरिंगलाही झेपतो. गिऱ्हाईक विचारतं, एवढ्याशानं खोली तापेल का? त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "खोली कशाला तापवायची? खोलीला थंडी वाजते का? माणूस तापवा." मग खुर्ची कुठे ठेवायची, पावलं किती लांब ठेवायची, दाराखालची फट कशानं बुजवायची, हे सगळं ते इतकं समजावून सांगतात की गिऱ्हाईक डॉक्टरकडून निघाल्यासारखं निघतं. कॉइल मात्र काकू गुंडाळतात. तीस वर्षं गुंडाळतायत. नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे, असा हा संसार.

पाच महिन्यांपूर्वी एकदा काका सहज म्हणाले होते, "खुंटीवरची ती काळी पिशवी दे गं." खुंटीवर एकच पिशवी होती आणि ती हिरवी होती. काकू हसल्या, पिशवी दिली, आणि चहा गाळता गाळता त्यांचं हसू थांबलं.

हिटरच्या वायरीत तीन तारा असतात. लाल तार वीज आणते, काळी परत नेते. हिरवी काहीच करत नाही. हिटरच्या पत्र्याला जोडलेली ती, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी नुसती बसून असते, पण काही विपरीत घडलंच तर तीच मध्ये पडते. ज्याला पिशवीचा हिरवा काळा दिसतो, त्याला तारेचा कसा दिसत असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दूध आणायला आणि पाय मोकळे करायला गेले, तेव्हा काकूंनी फळीवरचे तीन हिटर मागून उघडले. दुसऱ्यात हिरवी काळीच्या जागी होती आणि काळी हिरवीच्या. ही चूक दुकानात कळत नाही, हीच तर तिची मेख. दुकानातल्या बोर्डावर हिटर लावला तर कॉइल लालबुंद होते, पत्र्याला टेस्टर टेकवला तर पेटत नाही, सगळं आलबेल. पण या जुन्या घरांतल्या बोर्डांमागे कुणी कधी कुठली तार कुठे खुपसली असेल याचा नेम नाही. एखाद्या घरचा बोर्ड उलटा जोडलेला असला, की तोच हिटर तापत नाही आणि वीज सरळ त्याच्या पत्र्यात उतरते. मग माणूस 'का बरं तापत नाही' म्हणून त्याला हात लावतो.

तेव्हापासून रोज सकाळची ती चाळीस मिनिटं काकूंची होती; आजची तेवढी बहिणीकडे गेली आणि काल दुपारी तयार झालेले पाचही हिटर न उघडता राहिले. पाच महिन्यांत त्यांनी एकसष्ट हिटर उघडले. नऊ चुकीचे निघाले. नऊही त्यांनी नीट केले, स्क्रू होते तसे आवळले, वरून फडकं मारलं, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. काका म्हणायचे, "बायकोला हल्ली हिटर पुसायचं वेड लागलंय. वयपरत्वे होतं."

सांगायचं तरी कसं? काकांनी साऱ्या गल्लीला ऐकवून ठेवलं होतं, ज्या दिवशी माझ्या हातून तार चुकेल त्या दिवशी दुकानाला कुलूप. आणि ते बोलतील ते करणारे. शेजारच्या घड्याळजींनी दुकान बंद केलं, तर सहा महिन्यांत तो हिंडता-फिरता गप्पिष्ट माणूस खिडकीत ठेवलेल्या कुंडीसारखा झाला. उन्हात ठेवा, पाणी घाला, बास. काकूंना काकांचं तसं झालेलं बघायचं नव्हतं. नुसत्या विचारानं त्यांना रडू यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. काकूंनी ती इतके दिवस आवळून धरली होती की आता बोटं दुखायला लागली होती.

काका हात धुवायला मागे गेले, तशा काकूंनी ग्रंथपालबाईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाईंना कमी ऐकू येतं. चाळीस वर्षं वाचनालयाच्या शांततेत काढल्यावर कानांनी राजीनामा दिला, असं त्या स्वतःच सांगतात. फोन न उचलण्याला एवढं कारण पुरेसं होतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती.

"मी जरा औषधाच्या दुकानात जाऊन येते," काकू म्हणाल्या.

"आत्ता तर आलीस."

"डोकं दुखतंय."

"मग या गारठ्यात फिरून थांबणार आहे का?"

"हो," काकू म्हणाल्या आणि पर्समध्ये रुमालाखाली स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर सरकवून बाहेर पडल्या.

थंडीला दोन महिने झाले होते, पण कडाका पडला होता तीन दिवसांपूर्वी. फरसबंदीवर दव गोठून निसरडं झालं होतं आणि दुपारचा एक वाजला तरी उन्हात धग नव्हती. बसथांब्यावर काकू चार मिनिटं उभ्या राहिल्या. मग त्यांना वाटलं, बस येईपर्यंत मी पोचेन, आणि त्या चालायला लागल्या. दोनशे पावलं गेल्यावर बस त्यांच्या शेजारून निघून गेली. घाई करणाऱ्याचं नशीब असंच असतं.

चालताना त्या हिशेब घालत होत्या. एकसष्टात नऊ, म्हणजे सातात एक. म्हणजे सहा वेळा काही होत नाही. म्हणजे बहुधा हा बरोबरच असेल. आणि चुकीचा असला तरी बाईंचा बोर्ड बरोबर असेल. आणि बोर्ड उलटा असला तरी बाई हात कशाला लावतील? बटण दाबायचं आणि समोर बसायचं. हे सगळं पटत असतानाच त्यांना आठवलं, हिटर दुरुस्तीला देताना बाई काय म्हणाल्या होत्या. "न्हाऊन आले की केस वाळवायला बरा पडतो. मांडीवरच घेते म्हणा ना." तेव्हा काकू हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, मांडीवर नातवंडं घ्यावीत, हिटर नाही. आता त्यांचे पाय पळायला लागले. साठीतली बाई निसरड्या रस्त्यावर पळते तेव्हा लोक बाजूला होतात आणि मागे वळून बघतात. तसे ते बघत होते.

ग्रंथपालबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. काकू कठड्याला धरून वर चढल्या, बेल दाबली. आत घंटा वाजल्याचं बाहेर ऐकू आलं. कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबली, मग दारावर थापा मारल्या, मग मुठीनं ठोकलं. आतून रेडिओ मोठ्यानं चालू होता, बातम्या सांगणारा माणूस काहीतरी शांतपणे सांगत होता. समोरचं दार उघडलं आणि हातात कणकेचा गोळा घेतलेली शेजारीण बाहेर आली.

"काय झालं हो?"

"बाई कुठं आहेत?"

"आतच असतील. सकाळी काहीतरी मोठं खोकं घेऊन वर आल्या, त्यानंतर नाही दिसल्या. रेडिओ मात्र तेव्हापासून चालू आहे."

काकू पुन्हा दाराकडे वळल्या. त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली. किल्ली कुणाकडे असते, असं त्या शेजारणीला विचारणार, तेवढ्यात आतून कडी निघाल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

ग्रंथपालबाई दारात उभ्या होत्या. दोन स्वेटर, मफलर, जाडजूड लोकरी हातमोजे आणि पायात रबरी स्लिपर.

"काकू! बरं झालं बाई तुम्हीच आलात," त्या म्हणाल्या. "तुमचा हिटर काही तापेना. मघापासून लावून बसलेय, नुसता थंडगार. या, बघा ना."

आणि त्या वळून, हात पुढे करून, हिटरकडेच निघाल्या.

"हात लावू नका," काकू ओरडल्या. बाईंना ऐकू गेलं नाही. काकूंनी मागून त्यांचा स्वेटर धरला आणि असा खेचला की दोघी भिंतीवर जाऊन आदळल्या.

"अहो, मघाशी लावला की हात," बाई चकित होऊन म्हणाल्या. "चांगला उचलून पाहिला. बोटांना जरा मुंग्या आल्या. म्हटलं, थंडीनं बधिरली असतील."

खुर्चीशेजारी, जाड सतरंजीवर तो तांब्याचा हिटर ठेवला होता. काकांनी सांगितलं होतं तसाच, पावलांकडे तोंड करून. परातीसारखा त्याचा खोलगट तवा इतका लख्ख घासलेला होता की सबंध खोली त्यात दिसत होती. बोर्डावरचं बटण चालू होतं. काकूंनी पर्समधून टेस्टर काढला आणि त्याचं टोक तांब्याला टेकवलं. टेस्टरमधला दिवा पेटला.

त्यांनी बटण बंद केलं, प्लग उपसला, आणि मग त्या खालीच बसल्या. बाईंचे लोकरी हातमोजे, पायांतलं रबर, खालची सतरंजी. एवढ्या तीन गोष्टींवर एक माणूस आत्ता त्यांच्यासमोर उभं राहून "पाणी देऊ का?" विचारत होतं.

पाणी प्यायल्यावर काकूंनी हिटर उलटा केला आणि मागची पत्र्याची चकती काढली. हिरवी काळीच्या जागी, काळी हिरवीच्या. एका बाजूनं त्यांना बरंही वाटलं. तीन मिनिटांचं काम. तारा सोडवायच्या, बदलून आवळायच्या, चकती बसवायची, बोर्डही जाता जाता नीट करून द्यायचा. 'कॉइल सैल होती' असं सांगायचं, आणि तासाभरात घरी. नवाच्या जागी दहा, एवढाच काय तो फरक. त्यांनी पहिला स्क्रू सैल केला.

बाई समोर खुर्चीत बसून कौतुकानं बघत होत्या. "तुम्हालाही सगळं येतं हो. मला वाटायचं, फक्त काकांनाच. मोठे गमतीचे आहेत ते. सकाळी मी त्यांना म्हटलं, नीट बघून दिलाय ना? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी मला तर धड बटणसुद्धा दिसायचं नाही. तर म्हणाले, मलाही उन्हाळ्यात जरा शंका आली होती."

काकूंनी वर पाहिलं.

"हो ना. म्हणाले, रंग फिके दिसायला लागले होते. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती म्हणे. मग त्यांनी विचार केला, डॉक्टर काय सांगणार, माझं कामच मला खरं काय ते सांगेल. एक जरी हिटर परत आला तर जायचं. आणि मग कसे छाती फुगवून म्हणाले, 'बाई, इतके महिने झाले, एकही हिटर परत आला नाही. डॉक्टरांना कळवून टाकलं, येत नाही म्हणून.'"

काकूंचा हात थांबला.

करायला गेलं एक आणि झालं भलतंच, असं लोक सहज म्हणून जातात. काकूंना ते सहज म्हणता येईना. पाच महिने तो माणूस रोज आपल्या डोळ्यांना विचारत होता, दिसतंय ना रे बाबा? आणि पाच महिने रोज सकाळी काकू डोळ्यांच्या वतीनं उत्तर देत होत्या, दिसतंय, स्वच्छ दिसतंय. त्यांनी त्याचं दुकान राखलं नव्हतं. त्यांनी त्याला डॉक्टरच्या दारातून मागे फिरवलं होतं. आणि ज्या एका दिवशी त्या घरी नव्हत्या, त्या दिवशी हे समोरचं माणूस मरता मरता राहिलं होतं. काकूंना स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि रागाचं पाणी पुसायला त्यांच्याकडे रुमालही नव्हता; तो हिटरखाली पसरला होता.

त्यांनी सैल केलेला स्क्रू परत आवळला. तारा होत्या तशाच ठेवल्या.

"हा मी घेऊन जाते," त्या म्हणाल्या.

"आं?"

"घेऊन जाते म्हटलं. चूक आमची आहे."

"काय आमटी आहे?" असं काही बाई म्हणाल्या नाहीत, त्या नुसत्या कानामागे हात धरून वाकल्या. तेव्हा काकूंना ओरडावं लागलं. जी गोष्ट त्यांनी पाच महिने नवऱ्यापासून, बहिणीपासून, भिंतींपासून लपवली होती, ती त्यांना तिसऱ्या मजल्यावर उघड्या दारात घसा फोडून सांगावी लागली.

"तारा चुकीच्या जोडल्या होत्या! काकांना रंग दिसत नाहीत! मला माहीत होतं!"

दारात कणकेचा गोळा घेऊन शेजारीण उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ग्रंथपालबाईंनी काकूंकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच हातमोजे काढले आणि आपली बोटं एकेक करून बघितली, सगळी जागच्या जागी आहेत का अशी.

"मग आता त्यांना सांगा," त्या एवढंच म्हणाल्या. शेजारीण बाईंना आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली, तिथे चूल पेटलेली होती, ऊब होती. तो बोर्ड कुणी वापरू नये म्हणून काकूंनी त्यावर चिकटपट्टी लावली, हिटर खोक्यात भरला आणि जिना उतरल्या. येताना मात्र बस लगेच मिळाली. त्यांना ती थोडी उशिरा मिळाली असती तर चाललं असतं.

काका अजून त्याच दोन दांड्यांच्या हिटरशी बसले होते. काकूंनी खोकं त्यांच्यासमोर ठेवलं, हिटर काढला, पालथा केला, मागची चकती उघडली.

"हा परत आला," त्या म्हणाल्या.

काका हसले. मग त्यांनी काकूंचा चेहरा पाहिला आणि हसायचे थांबले. दिवा जवळ ओढून ते आत वाकले. कितीतरी वेळ बघत राहिले.

"काय झालंय त्याला? बरोबर तर आहे."

काकूंनी त्यांचं बोट हातात घेतलं आणि एका तारेवर ठेवलं. "ही कुठली?"

"काळी."

"हिरवी आहे."

काकांनी बोट काढलं नाही. "बाईंना काही झालं?" त्यांनी विचारलं.

"हात लावला होता. हातमोजे होते म्हणून वाचल्या."

काका स्टुलावर मागे सरले. "आणि हा पहिलाच?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. "दहावा," काकू म्हणाल्या. "नऊ मी सकाळी सकाळी नीट केले. तुम्ही दूध आणायला जायचात तेव्हा."

काकांना राग येईल, ते ब्रश भिरकावतील, याची काकूंनी तयारी ठेवली होती. काकांनी ब्रश हळूच बाजूला ठेवला, तेव्हा काकूंना जास्त भीती वाटली.

"मला नीट दिसत नाही, हे मला ठाऊक होतं गं," काका शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "मुळीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण कामं बरोबर होत होती. मला वाटलं, इतकी वर्षं झाली, आता हातांनाच दिसायला लागलं असेल."

काकू म्हणाल्या, "तुम्ही दुकान बंद केलं असतंत."

"केलं असतं."

"मग? घड्याळजींसारखं तुम्हाला त्या खिडकीत बसलेलं मी बघायचं?"

"अगं, केलं असतं, डोळा करून घेतला असता, आणि थंडीच्या आत परत उघडलं असतं," काका म्हणाले. "ग्रंथपालबाईंचा नाही झाला? आता माझ्यापेक्षा चांगलं दिसतं त्यांना."

इतकी साधी गोष्ट. पाच महिन्यांत काकूंच्या डोक्यात कुलूप आलं, घड्याळजी आले, कुंडी आली, फक्त ही एवढी गोष्ट आली नाही. त्या स्टुलाशेजारी खोक्यावर बसल्या आणि आता खरंच त्यांचं डोकं दुखायला लागलं.

काकांनी फळीकडे पाहिलं. चार हिटर ओळीनं उभे होते. "हे चार तू पाहिलेस?"

"आज येऊन पाहणार होते. आत्ता पाहते."

"आणि तू हे कधीपासून करतेयस म्हणालीस?"

"पाच महिने."

"बरोबर पाच?"

"त्या पिशवीच्या दिवसापासून. का?"

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मोजताना त्यांचा चेहरा बदलत गेला. "मला रंग फिके दिसायला लागले ते त्याच्याही आधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला," ते म्हणाले. "तेव्हाचे कुणी पाहिले?"

"कुणीच नाही," काकू म्हणाल्या.

"थंडी सरल्यावर हिटर नीट करून घेऊन माळ्यावर टाकणारी शहाणी माणसं असतात ना आपली. ते हिटर परत कसे येणार? ते कुणी लावलेच नव्हते." काका उठून उभे राहिले. "ते आता काढतील. काढले असतील. कडाका पडून तीन दिवस झाले."

पाच महिने काकूंना सकाळी उठल्याबरोबर जी धडधड व्हायची, ती फळीवरच्या हिटरांपुरती होती. फळीच्या बाहेर, माळ्यांवर, जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेल्या हिटरांचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

"किती असतील?" त्यांनी विचारलं.

"अकरा," काका म्हणाले. त्यांना कधी वही लागली नाही. माणसांची नावं ते विसरतात, हिटर विसरत नाहीत. "घे, फोन तू लाव. आकडे मला दिसत नाहीत." हेही त्यांनी आज पहिल्यांदाच सांगितलं. "उतारावरचे सुतार, पांढरा, दोन दांड्यांचा."

सुतारांचा हिटर अजून माळ्यावर होता. "काढू नका," काकू म्हणाल्या, "आम्ही येऊन बघून जातो." बेकरीवाल्यांच्या सासूबाईंनी दोन दिवसांपासून लावला होता, छान तापतो म्हणाल्या. काकूंनी त्यांना बोर्डावरून बटण बंद करायला लावलं, आणि हिटरला बोटसुद्धा लावू नका असं तीनदा सांगितलं. शाळेतल्या कारकुनांनी तो मेहुण्याला देऊन टाकला होता. मेहुण्याचा नंबर घेतला. दातांच्या डॉक्टरीणबाई चिडल्या. शिंपी घाबरले. काका एकेक हिटर सांगत होते, मुठीचा रंग, पायांचा आकार, कुठे पोचा होता, आणि काकू डायरीतली पानं उलटत होत्या, नंबर दाबत होत्या, तेच तेच सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी पलीकडून माणसाचा आवाज आला की एक श्वास सोडत होत्या.

सातवा नंबर नदीकाठच्या पेन्शनर जोडप्याचा होता. मुलं परदेशात, घरात दोघंच. त्यांच्याकडे लोखंडी पायांचा, उंच, काळा हिटर. घंटा वाजत राहिली. काकूंनी ठेवून पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

"झोपले असतील," त्या म्हणाल्या. "दुपारची वेळ आहे."

काका उत्तर द्यायला तिथे नव्हतेच. ते दारात उभे राहून कोट चढवत होते आणि त्यांना बाही सापडत नव्हती. काकूंनी फोन ठेवला, पर्स उचलली, त्यांचा हात धरून बाहीत घातला.

"चल," काका म्हणाले. "रंग तुला दिसतात, घर मला माहीत आहे."

दुकान उघडंच राहिलं.